ग्रामीण काउंटीतून पोलीस आणि कोर्टाची कागदपत्रं मिळवायची आहेत (टेक्सास) - अनुभव हवेत

निंबोणी

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ पश्चिम टेक्सासात पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर होता. गेल्या हिवाळ्यात पहाटे साइटवर निघालेला असताना समोरून आलेल्या पिकअपने त्याच्या गाडीला धडक दिली आणि तो जागीच गेला. समोरचा प्यायलेला होता असं भावाच्या सहकाऱ्यांकडून कळलं, पण आमच्या हातात अधिकृत काहीच नाही. पार्थिव कऱ्हाडला नेलं, दिवसकार्य झालं, आणि आता मावशीपुढे कागदांचा प्रश्न उभा आहे.

त्याची देशात विमा पॉलिसी होती, अपघाती मृत्यूच्या लाभासकट. विमा कंपनीने यादी हातात दिली आहे: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांचा अंतिम अहवाल. सगळं साक्षांकित हवं.

मी न्यू जर्सीत राहते. अपघात झाला ती काउंटी (इथला जिल्हा) अगदीच लहान आहे, लोकवस्ती विरळ. शेरीफ ऑफिसला, म्हणजे काउंटीच्या पोलिसांना, फोन केला तर 'ही केस आमच्याकडे नाही' म्हणाले आणि ठेवून दिला. काउंटीच्या वेबसाइटवर कमिशनर्स कोर्ट, काउंटी कोर्ट, डिस्ट्रिक्ट कोर्ट आणि जस्टिस ऑफ द पीस अशी चार नावं दिसतात. यातल्या कोणाला काय मागायचं? मी सख्खी नातेवाईक नाही, मला देतील का? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मावशी रोज रात्री फोन करून विचारते आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं.

रानवारा

फार वाईट वाटलं वाचून. मावशींना धीर द्या.

देशपांडे_डॅलस

निंबोणी, मनापासून सहवेदना. शेरीफ ऑफिसने सांगितलं ते बहुधा खरंच आहे, फक्त अर्धवट. टेक्सासात गावाबाहेरच्या महामार्गावरच्या अपघातांचा तपास सहसा राज्याचं हायवे पेट्रोल करतं. ते डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीच्या, म्हणजे डीपीएसच्या हाताखाली येतं. शेरीफ काउंटीचा, ट्रूपर (हायवे पेट्रोलचा अधिकारी) राज्याचा. त्यामुळे काउंटीत कितीही फोन केलेत तरी अपघाताचा मुख्य अहवाल तिथे मिळणार नाही.

तुम्हाला हवा आहे तो सीआर-३, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याने भरलेला अपघात अहवाल. अपघातानंतर १० दिवसांच्या आत तो राज्याच्या वाहतूक विभागाकडे, टीएक्सडॉटकडे दाखल करावा लागतो. तिथून ऑनलाइन मागवता येतो. साध्या प्रतीला ६ डॉलर, प्रमाणित प्रतीला ८ डॉलर. तुम्ही प्रमाणितच मागवा, दोन डॉलरसाठी पुन्हा हेलपाटा नको. नाव, तारीख आणि काउंटी एवढ्यावर शोध लागतो.

हा अहवाल कोणालाही पूर्ण स्वरूपात देत नाहीत, पण ज्यांना देतात त्या यादीत चालकाचे आईवडील स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि अधिकृत प्रतिनिधीही आहे. म्हणून मावशींकडून सहीचं अधिकारपत्र आजच मागवून घ्या. ते पुढे प्रत्येक ठिकाणी लागेल.

तात्या_ह्यूस्टन

देशपांड्यांनी पोलिसांचं सांगितलं, मी कोर्टांचं सांगतो. या राज्यात २५४ काउंट्या आहेत आणि नावं सगळीकडे सारखीच गोंधळात पाडतात.

कमिशनर्स कोर्ट हे न्यायालय नाहीच. तो काउंटीचा कारभार पाहणारा मंडळ आहे, आपल्याकडच्या पंचायत समितीच्या जवळ जाणारा. रस्ते, बजेट, कर. तिथे केसचे कागद नसतात. त्याचे अध्यक्ष 'काउंटी जज', म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं की हेच मुख्य न्यायाधीश असणार.

गंभीर गुन्हे डिस्ट्रिक्ट कोर्टात, त्यांचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. हलके गुन्हे काउंटी कोर्टात, कागद काउंटी क्लार्ककडे. वस्ती ८,००० च्या खाली असेल तर दोन्ही कामं एकच क्लार्क पाहू शकतो, तुमच्या काउंटीत तसंच असण्याची शक्यता आहे. फक्त दंड होणारे गुन्हे, वाहतुकीची तिकिटं वगैरे जस्टिस ऑफ द पीसकडे.

आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा माणूस हा जस्टिस ऑफ द पीसच आहे. मोठ्या काउंट्यांत मेडिकल एक्झामिनर असतो. लहान काउंटीत तो नसतो, तिथे अपघाती मृत्यूची चौकशी (इन्क्वेस्ट) जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जेपी, करतो. घटनास्थळी तोच मृत्यू घोषित करतो, शवविच्छेदन करायचं की नाही तेही तोच ठरवतो आणि मृतदेह दुसऱ्या काउंटीतल्या मेडिकल एक्झामिनरकडे किंवा पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. म्हणजे शवविच्छेदन कुठे झालं ते मृत्यूच्या दाखल्यावर शोधत बसू नका, जेपीच्या ऑफिसला फोन करा आणि इन्क्वेस्टचे कागद व शवविच्छेदनाचा अहवाल दोन्ही मागा. शवविच्छेदनाचे फोटो सोडले तर अहवाल सार्वजनिक असतो.

ओंकार_बे_एरिया

एवढं सगळं स्वतः करण्यापेक्षा तिथला एखादा वकील गाठा. पैसे जातील पण डोकेदुखी वाचेल. समोरचा प्यायलेला असेल तर नुकसानभरपाईचा दावाही होऊ शकतो, तो वकील टक्केवारीवर घेईल, आणि कागद तोच काढेल.

देशपांडे_डॅलस

ओंकार, दाव्यासाठी वकील हवाच, त्याबद्दल दुमत नाही. त्याला मुदतही असते, टेक्सासात मृत्यूबद्दलचा दिवाणी दावा साधारण दोन वर्षांत दाखल करावा लागतो, तेव्हा निंबोणी, हे मागे ठेवू नका. पण सीआर-३ आणि जेपीचे कागद काढायला वकिलाला तासावर पैसे देणं मला पटत नाही. एक पत्र आणि दोन फोनचं काम आहे.

मुक्ताई

विषय थोडा वेगळा, पण ज्यांना ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिपसाठी कोर्टाचे कागद लागतात त्यांच्यासाठी लिहिते.

माझ्या नवऱ्याला विद्यार्थी असताना कॅन्ससमधल्या एका काउंटीत गाडी थांबवून ताब्यात घेतलं होतं. केस लगेच डिसमिस झाली, आम्ही विसरूनही गेलो. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरताना प्रश्न आला: कधी अटक झाली होती का? केस डिसमिस झाली असली तरी 'हो' लिहायचं, आणि कोर्टाचं प्रमाणित डिस्पोझिशन जोडायचं. म्हणजे केसचं शेवटी काय झालं ते सांगणारा, क्लार्कच्या सही-शिक्क्याचा कागद.

क्लार्कबाई फोनवर म्हणाल्या, इतकं जुनं आमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, तळघरातल्या रजिस्टरात पाहावं लागेल. केस नंबर आमच्याकडे नव्हता. जन्मतारीख आणि घटनेचा महिना सांगितला. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की सापडलं. पाकिटात स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आणि मनी ऑर्डर घालून पाठवायची होती, कार्ड चालत नव्हतं. कागद आला तो जाड, त्यावर उमटलेला शिक्का बोटांना लागत होता.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कागद नष्ट झाले असतील तर 'नोंद आढळत नाही' असं क्लार्कचं प्रमाणित पत्र घ्या, ते चालतं. आणि कोणी केस एक्स्पंज करून (नोंद पुसून) घ्यायचा सल्ला दिला तर आधी प्रमाणित प्रती काढून जपून ठेवा. एक्स्पंज झाल्यावर कोर्ट देणार नाही आणि इमिग्रेशन मात्र मागणारच.

रानवारा

मुक्ताई, हे शेवटचं फार मोलाचं आहे. माझ्या ओळखीत एकाची अशीच पंचाईत झाली होती.

चिंतामणी_स

आमचाही एक किस्सा. यलोस्टोनला जाताना वेगाचं तिकीट मिळालं. कागद हवा होता म्हणून वायोमिंगमधल्या आजूबाजूच्या काउंट्यांत सगळीकडे फोन केले, कोणाकडे नोंद नाही. शेवटी एका क्लार्कने विचारलं, तिकीट दिलं कोणी, रेंजरने (उद्यानाच्या अधिकाऱ्याने) का? मग उलगडा झाला. यलोस्टोनमध्ये कायदा केंद्राचा. उद्यानात मॅमथ हॉट स्प्रिंग्जला फेडरल मॅजिस्ट्रेटचं कोर्टच आहे, आणि अशा तिकिटांचा हिशोब सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरोकडे. तो ब्युरो कुठे, तर सॅन अँटोनियोला! गवे बघायला गेलो आणि पत्रव्यवहार टेक्सासशी.

तात्या_ह्यूस्टन

हाहा, या आमच्याकडे, गवे इथेही दाखवू.

पण मुद्दा बरोबर आहे. आधी विचारा: कागद तयार कोणी केला? शेरीफ, गावचा पोलीस, ट्रूपर, रेंजर, की आदिवासी राष्ट्राचे पोलीस. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत नव्हाहो नेशनच्या हद्दीत अपघात झाला तर तिथलं पोलीस खातं आणि कोर्ट त्यांचं स्वतःचं, काउंटी क्लार्कला त्यातलं काही ठाऊक नसतं.

ॲडव्होकेट_वाई

मी सातारा जिल्ह्यात वकिली करतो. निंबोणीताई, विमा कंपनीच्या बाजूने काय पाहतात ते सांगतो. त्यांना चार गोष्टी हव्या असतात: अपघातच होता, मृत्यू त्यामुळेच झाला, मृत व्यक्ती स्वतः दारूच्या अमलाखाली नव्हती, आणि पोलिसांनी नोंद घेतली. यादीतली नावं आपल्या पद्धतीची आहेत, क्लेम विभागाने छापील यादी दिलेली असते. परदेशातल्या मृत्यूला तेच कागद त्याच नावाने मिळणार नाहीत हे त्यांना लेखी समजावून सांगावं लागतं.

सीआर-३ मध्ये अधिकाऱ्याने लिहिलेली हकीकत आणि घटनास्थळाचा नकाशा असतो ना? मग एफआयआर आणि पंचनामा दोन्हींच्या जागी तोच द्या. शवविच्छेदन अहवालाबरोबर विषशास्त्राचा, म्हणजे टॉक्सिकॉलॉजीचा अहवाल आवर्जून मागा. मावशींचं एक प्रतिज्ञापत्र करा, त्यात कोणता कागद कशाच्या ऐवजी जोडला आहे ते ओळीने लिहा. आणि क्लेम अर्ज आत्ताच दाखल करून पोच घ्या, 'कागद येतील तसे देऊ' असं नमूद करून. कागद जमेपर्यंत थांबू नका.

निंबोणी

वकीलसाहेब, खूप आभार. प्रतिज्ञापत्राचं आम्हाला सुचलंच नव्हतं. मावशीला आज रात्रीच सांगते.

ओंकार_बे_एरिया

कुतूहल म्हणून विचारतो. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टातून तिऱ्हाइताला कागद मिळतात का? इथे कोणीही उठून कोणाचीही केस बघतो. विस्कॉन्सिनमध्ये तर राज्यभरच्या कोर्टांतल्या नोंदी नावाने फुकट शोधता येतात. घरमालक भाडेकरूंची नावं टाकून बघतात.

ॲडव्होकेट_वाई

पक्षकाराला नक्कल सहज मिळते. नक्कल विभागात अर्ज, फी, आणि ठरल्या दिवशी प्रत. तिऱ्हाइताला कारण द्यावं लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की न्यायालयीन कागदांच्या प्रती माहिती अधिकारात नव्हे, कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनुसार मागायच्या. केस कुठवर आली हे ई-कोर्ट्सवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून कोणालाही दिसतं.

एफआयआरचं मात्र सोपं झालं आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर वेबसाइटवर टाकावी लागते. पोलीस ठाण्यातल्या बाकीच्या नोंदींसाठी माहिती अधिकार: १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, पण तपासाला बाधा येईल असं कारण देऊन नाकारतात.

कृष्णाकाठ

मला ओंकारच्या मुद्द्यावर थांबायचं आहे. आमच्या इथल्या काउंटीचा शेरीफ रोज अटक झालेल्यांचे फोटो वेबसाइटवर टाकतो. अजून आरोप सिद्ध नाही, कधीकधी दाखलही नाही, आणि फोटो जगभर. गाव एवढंसं, सगळे सगळ्यांना ओळखतात. आमच्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा फोटो असाच आला, ती कित्येक दिवस शाळेत आली नाही. पुढे केस उभीच राहिली नाही. तो फोटो मात्र दुसऱ्या साइटींनी उचललेला, अजून सापडतो. पारदर्शकता म्हणून याचं कौतुक मला करवत नाही.

तात्या_ह्यूस्टन

कृष्णाकाठ, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. फोटो टाकण्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. पण कागद उघडे असण्याच्या मी ठाम बाजूने आहे. लहान काउंटीत शेरीफ, जज, वकील सगळे एकमेकांना शाळेपासून ओळखतात. तिथे कोणाला का सोडलं, कोणाला का धरलं हे बाहेरच्या माणसाला पाहता आलंच पाहिजे. निंबोणीच्या भावाचंच घ्या. समोरचा चालक त्याच गावचा असेल, हा परदेशातून आलेला एकटा मुलगा. कागद बंद असते तर त्याच्या बाजूने विचारणारं तिथे कोण होतं?

कृष्णाकाठ

हे पटलं. अटकेचा फोटो वेगळा आणि केसचा कागद वेगळा, एवढा फरक कायद्याने करावा असं माझं म्हणणं.

सई_लबक

मी लबकला राहते, काही वर्षं एका स्थानिक वृत्तपत्रासाठी आसपासच्या काउंट्यांतून माहिती मागवण्याचं काम केलं आहे. निंबोणी, वर आलेलं सगळं बरोबर आहे, त्यात भर घालते.

टेक्सासचा पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट पोलीस आणि काउंटीच्या ऑफिसांना लागू आहे, कोर्टांना नाही. कोर्टाच्या केसचे कागद क्लार्ककडे सरळ मागायचे, तिथे कायद्याचं नाव घ्यायची गरज नसते. पोलिसांकडे मात्र लेखी मागा: 'पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली विनंती' असं विषयात लिहा. मागणारा कुठला, का मागतो हे त्यांना विचारता येत नाही. नागरिक असण्याची अट नाही, मावशी कऱ्हाडहून ईमेल करू शकतात. ईमेल त्यांनी या कामासाठी जाहीर केलेल्या पत्त्यावरच करा, नाहीतर दुर्लक्ष करायला त्यांना कारण मिळतं.

शेरीफ, क्लार्क, डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारी वकील, म्हणजे डीए) हे सगळे निवडून आलेले, प्रत्येकजण आपापल्या कागदांचा स्वतंत्र रखवालदार. एकाला पाठवलेली विनंती तो दुसऱ्याकडे देणार नाही. प्रत्येकाला वेगळं पत्र.

आणि शेरीफ ऑफिसला सोडू नका! तपास हायवे पेट्रोलने केला असला तरी गावाकडचा ९११ चा फोन बहुतेक वेळा शेरीफच्याच डिस्पॅचवर जातो. कॉल कधी आला, कोण निघालं, कधी पोचलं, हा लॉग त्यांच्याकडे असतो. 'अपघाताचा अहवाल द्या' म्हणालात तर 'आमच्याकडे नाही' हे उत्तर खरं ठरतं. 'अमुक तारखेला पहाटे ४ ते ८ या वेळेत अमुक महामार्गावरच्या अपघाताचा कॉल लॉग आणि ९११ च्या फोनची ध्वनिफीत' असं मागा.

पैशांचं: साध्या प्रतीला पानामागे १० सेंट, आणि ५० पानांपर्यंत सहसा मेहनतीचे पैसे लावत नाहीत. खर्च ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी लेखी अंदाज द्यावा लागतो. तो आला की १० कामकाजी दिवसांत उत्तर द्या, नाहीतर विनंती मागे घेतली असं धरतात. लोक इथेच अडकतात, ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो.

नकार द्यायचा असेल तर बहुतेक बाबतीत त्यांना १० कामकाजी दिवसांत राज्याच्या अटर्नी जनरलकडे (मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) परवानगी मागावी लागते. तुम्हाला त्याची प्रत येते, आणि तुम्हीही आपली बाजू लिहून पाठवू शकता. जरूर पाठवा.

निंबोणी

सई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला आहे. एक विचारू? समोरच्या चालकावर केस चालू असेल तर सगळंच अडेल का?

सई_लबक

तपासाची फाइल, फोटो, गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण हे बहुधा अडवतील, केस चालू असताना तो अधिकार त्यांना आहे. पण घटनेची मूलभूत माहिती, म्हणजे कोणाला कुठल्या आरोपाखाली अटक, कधी, कुठे, ही द्यावीच लागते. सीआर-३ आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे वेगळ्या वाटेने येतात, त्यांची मागणी थांबवू नका. ग्रँड ज्युरीचं, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, कामकाज गुप्त असतं, पण इन्डाइटमेंट (त्यांनी मंजूर केलेलं आरोपपत्र) झालं की ते डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे सापडतं.

आणखी एक, हे कुणी अजून लिहिलं नाही. समोरच्यावर गुन्हा दाखल असेल तर तुमची मावशी केवळ अर्जदार नाही. टेक्सासच्या कायद्यात मृत पीडिताच्या जवळच्या नातेवाइकाला हक्क आहेत: सुनावणीच्या तारखा कळवून घेण्याचा, शिक्षेआधी आपल्यावर काय ओढवलं ते लेखी कोर्टासमोर मांडण्याचा. डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या ऑफिसात यासाठी व्हिक्टिम असिस्टन्स को-ऑर्डिनेटर असतो. ग्रामीण भागात एकच डीए तीन-चार काउंट्या सांभाळतो, तेव्हा त्याचं ऑफिस शेजारच्या काउंटीत असू शकतं. तिथे फोन करा, मावशींचं नाव आणि पत्ता नोंदवा. त्यांनी तुम्हाला शोधायला हवं होतं, पण आई परदेशात असली की कुटुंबाचा पत्ता फाइलमध्ये येतच नाही.

रानवारा

सई, हे वाचून अंगावर काटा आला. आईला बोलता येईल कोर्टासमोर.

भरत_व्हर्जिनिया

टेक्सासात नागरिकत्वाची, रहिवासाची अट नाही ते चांगलं. आमच्या व्हर्जिनियात माहिती कायदा राज्याच्या रहिवाशांपुरताच, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. टेनेसीतही तसंच. तिथे कोणाला काही हवं असेल तर राज्यात राहणाऱ्या ओळखीच्याकडून विनंती पाठवा. व्हर्जिनियासाठी कोणाला लागलं तर मी पाठवीन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोर्टाच्या कागदांना मात्र ही अट आड येत नाही.

ओंकार_बे_एरिया

पैसे घेऊन 'इन्स्टंट रेकॉर्ड' देणाऱ्या साइटी कशा असतात? जाहिरातीत तर सगळ्या काउंट्या म्हणतात.

मुक्ताई

त्यांच्या कागदावर क्लार्कचा शिक्का नसतो, त्यामुळे ना इमिग्रेशनला चालत ना विम्याला. वर नाव सारखं असलेल्या दुसऱ्याचीच नोंद येऊ शकते. पाटील, जोशी, कुलकर्णी असाल तर विचारूच नका.

निंबोणी

मंडळी, कळवायला उशीर झाला, क्षमस्व. सीआर-३ ची प्रमाणित प्रत आली. हकीकतीत स्वच्छ लिहिलं आहे की पिकअप मधली पिवळी रेघ ओलांडून विरुद्ध बाजूला आला. भाऊ आपल्या लेनमध्ये होता, पट्टा लावलेला होता. मावशीला फोनवर मराठीत वाचून दाखवलं. तिने तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

जेपीच्या ऑफिसातल्या बाई अतिशय चांगल्या निघाल्या. नाव सांगताच त्यांना आठवलं. इन्क्वेस्टचे कागद आणि टॉक्सिकॉलॉजीसकट शवविच्छेदनाचा अहवाल पाठवला आहे. भावाच्या रक्तात काहीही नाही. शेरीफकडून कॉल लॉग आला. हायवे पेट्रोलची फाइल अडवली आहे, अटर्नी जनरलला लिहिल्याचं पत्र आलं, सईच्या सांगण्याप्रमाणे मीही लिहिलं.

आता विमा कंपनी म्हणते की परदेशी कागद साक्षांकित हवेत. कॉन्सुलेटकडे जायचं का?

तात्या_ह्यूस्टन

अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावतात ते सरकारी प्रमाणपत्र, करून घ्या. भारत २००५ पासून त्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे अपोस्टीलवर भागायला हवं. टेक्सासचे कागद म्हणजे अपोस्टील टेक्सासच्याच सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, ऑस्टिनला. न्यू जर्सीत चालणार नाही. प्रत्येक कागदाला १५ डॉलर. मूळ प्रमाणित प्रत लागते, झेरॉक्स नाही. मृत्यूचा दाखला कमी पडत असेल तर त्याच्या जास्तीच्या प्रती एकदमच मागवा, पहिलीला २० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकीला ३. बँक, पीएफ, वारस दाखला, सगळीकडे लागेल.

ॲडव्होकेट_वाई

अपोस्टील झालेल्या संचाची एक पूर्ण झेरॉक्स काढून ठेवा आणि विमा कंपनीकडे देताना प्रत्येक पानाची यादी करून पोच घ्या. मूळ कागद परत मिळतील असं लेखी मागा. मावशींना कऱ्हाडात प्रतिज्ञापत्रासाठी कोणी लागलं तर मी येऊन जाईन, फी वगैरे काही नाही.

निंबोणी

वकीलसाहेब, काय बोलू. व्यनि केला आहे.

डीएच्या को-ऑर्डिनेटरशी बोलणं झालं. इन्डाइटमेंट झालं आहे, दारू पिऊन गाडी चालवून मृत्यूला कारणीभूत झाल्याचं. त्यांच्या फाइलमध्ये कुटुंबाचा रकाना खरोखरच रिकामा होता. मावशीचं नाव आता घातलं आहे. ती लिहिते आहे, मराठीत, मी भाषांतर करणार. पहिली सुनावणी लवकरच आहे. मावशीला व्हिसा इतक्यात मिळणार नाही आणि माझी डिलिव्हरी जवळ आली आहे, मला प्रवास करता येणार नाही. तिथे आमच्या बाजूने कोणीच बसलेलं नसणार याचंच फार वाईट वाटतं.

सई_लबक

सुनावणी उघड्या कोर्टात असते, कोणीही बसू शकतं. मला गाडीने फार लांब नाही. तारीख आणि केस नंबर व्यनि करा, मी जाईन. मावशींनी भावाचा एखादा फोटो पाठवला तर बरोबर नेते.

देशपांडे_डॅलस

सई, मीही येतो. आदल्या रात्री लबकला मुक्काम करू, तारीख कळली की मलाही सांगा.